अणुकेंद्रकांच्या विलक्षण आकृति

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत अणूचें जें चित्र छापलेलें असतें, त्याच्या मध्यभागीं एक वाटोळा ठिपका काढण्याची वहिवाट आहे. कधीं कधीं त्या ठिपक्याच्या जागीं तांबड्या-निळ्या गोट्यांचा पुंजका काढतात. पण तोही वाटोळाच. हा ठिपका म्हणजे अणूचें केंद्रक. तें वाटोळें कां, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि कोणी विचारलाच तर ‘काढावयास सोपें म्हणून’ हेंच त्याचें प्रामाणिक उत्तर होय. कारण निसर्गांतील केंद्रकांपैकीं अगदीं वाटोळीं अशीं थोडींच आहेत. बरींचशीं विटीप्रमाणें लांबट, कांहीं पेढ्याप्रमाणें चपटीं, आणि एखाददुसरें तर तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखें एका अंगास फुगीर व दुसऱ्या अंगास निमुळतें असतें.

जी वस्तु कोणीं डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं व कोणाला पाहतांही येणार नाहीं, तिची आकृति शास्त्रज्ञ इतक्या निश्चयानें कशी सांगतात? प्रस्तुत लेखांत ह्याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कागदावरील गणितानें काढलेली आकृति खरी मानण्याचा आपल्याला अधिकार कितपत आहे, हें समजलें म्हणजे बाकीची माहिती समजण्यास अडचण पडणार नाहीं.

प्रथम मापाची थोडी कल्पना करून घेऊं. सांगली व मिरज ह्या दोन गांवांमध्यें सुमारें १० किलोमीटरांचें अंतर आहे. सोन्याचा एक अणु फुगवून त्याचा व्यास एवढा केला, तर त्याचें केंद्रक मिरजेच्या तंबोऱ्याला लावतात त्या भोपळ्याएवढें होईल. मधल्या सर्व मुलखांत ७९ इलेक्ट्रॉन काय ते वावरत असतील; अणूचें जवळजवळ सारें वजन मात्र त्या भोपळ्यांत साठविलेलें असेल. आपण ज्या प्रकाशानें पाहतों त्याची एक लाट केंद्रकाच्या व्यासाच्या कोट्यवधि पट लांब असते. समुद्राची लाट वाळूच्या एका कणावरून गेली तर त्या कणाची आकृति लाटेवर उमटत नाहीं. तोच प्रकार येथेंही होतो. तेव्हां कितीही उत्तम दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक यंत्र आणलें तरी पाहण्याचा मार्ग येथें बंदच आहे.

परंतु जाणून घेण्याचा मार्ग पाहण्याचाच असतो असें नाहीं. बाजारांत माठ घेतांना आपण त्याला टिचकी मारून पाहतों. तडा डोळ्यांना दिसत नाहीं, तो कानाला कळतो. केंद्रकाला टिचकी मारावयाची आणि त्याचा नाद ऐकावयाचा, हीच शास्त्रज्ञांची युक्ति आहे. ऐकावयाचा नाद म्हणजे केंद्रकांतून बाहेर पडणारे गॅमा किरण, आणि टिचकी म्हणजे वेगानें येऊन आदळणारें दुसरें एखादें केंद्रक. अर्थात् कोणत्या आकृतीचा नाद कसा असावयास हवा, हें आधीं ठाऊक असल्याशिवाय ऐकून उपयोग नाहीं. आणि तें सांगणें हेंच ह्या क्षेत्रांतील गणितज्ञांचें काम.

केंद्रक वाटोळें नसावें असा पहिला भक्कम पुरावा मात्र गॅमा किरणांतून न येतां साध्या प्रकाशाच्या वर्णपटांतून आला. जर्मनींतील श्यूलर व श्मिट ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३५ सालीं युरोपियम ह्या दुर्मिळ धातूच्या वर्णपटांतील रेषा अत्यंत बारकाईनें मोजल्या. केंद्रकांतील विद्युद्भार सर्व बाजूंनीं सारखा पसरलेला असेल तर त्या रेषांच्या पोटरेषांत ठराविक अंतर असावयास हवें. तें तसें आढळेना. चूक मोजण्यांत नव्हती. भारच एका दिशेला लांबविलेला होता. युरोपियमचें केंद्रक लांबट निघालें.

ह्याच सुमारास केंद्रकासंबंधीं एक सुंदर कल्पना प्रचारांत आली होती. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब जसा आपल्या पृष्ठताणामुळें गोळा होऊन राहतो, तसें केंद्रक हा प्रोटॉन व न्यूट्रॉन ह्या कणांचा एक थेंब आहे, अशी ती कल्पना होय. कण परस्परांना जवळून घट्ट ओढतात, त्यामुळें थेंबाला वाटोळें राहण्याची ओढ असते. उलटपक्षीं सर्व प्रोटॉन धनभारित असल्यानें ते एकमेकांना दूर लोटतात, आणि थेंब ताणला जाण्याकडे कल होतो. युरेनियममध्यें ९२ प्रोटॉन आहेत. तेथें ह्या दोन ओढी जवळजवळ तुल्यबल होतात. १९३८ च्या डिसेंबरांत हान व स्ट्रासमान यांना बर्लिन येथें युरेनियमचीं शकलें सांपडलीं, आणि लीझ माइट्नर व ऑटो फ्रिश यांनीं त्याचा अर्थ लावला, तो थेंबाच्याच भाषेंत: न्यूट्रॉनचा धक्का बसून थेंब लांबतो, त्याची कंबर बारीक होते, आणि शेवटीं त्याचे दोन थेंब होतात. नील्स बोर व जॉन व्हीलर यांनीं १९३९ सालीं ह्या घटनेचें सविस्तर गणित मांडलें. पुढें त्या शोधाचा काय उपयोग केला गेला हें सर्वांस विदितच आहे.

थेंबाची कल्पना सुंदर खरी, पण तिच्यांत दोन वैगुण्यें होतीं. धक्का न बसलेला थेंब वाटोळाच असला पाहिजे. मग युरोपियम स्वस्थ असतांही लांबट कां? आणि थेंब दुभंगला तर त्याचे दोन सारखे भाग व्हावेत. पण युरेनियमचे भाग बहुधा विषम होतात, एक मोठा आणि एक लहान. थेंबांतील पाण्याच्या कणांना स्वतंत्र शिस्त नसते, केंद्रकांतील कणांना ती असते, हें ह्या कल्पनेंत सुटून गेलें होतें.

ती शिस्त मारिया गेपर्ट-मायर व हान्स येन्सन यांनीं १९४९ सालीं उलगडून दाखविली. केंद्रकांतील कण पंगतींत बसावे तसे ठराविक जागांवर बसतात. एक पंगत भरली कीं दुसरी सुरू होते. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ ह्या संख्यांना पंगती पूर्ण भरतात, आणि अशीं केंद्रकें विशेष स्थिर व वाटोळीं असतात. शिशाचें नेहमींचें केंद्रक ह्याच जातीचें. त्यांत ८२ प्रोटॉन व १२६ न्यूट्रॉन असतात. पण पंगत अर्धीच भरली असेल तर? अमेरिकेंतील जेम्स रेनवॉटर यांनीं १९५० सालीं असें सुचविलें कीं, शेवटच्या अपुऱ्या पंगतींतील कण आपल्या लांबट फेऱ्यांनीं केंद्रकाच्या पृष्ठभागाला आंतून रेटा देतात, आणि सबंध केंद्रकच त्या बाजूला ताणलें जातें. थोड्यांच्या चालीनें सगळ्यांची आकृति बदलते. नील्स बोर यांचे चिरंजीव ऑगे बोर व त्यांचे सहकारी बेन मॉटेलसन यांनीं कोपनहेगन येथें ह्या सूचनेवर संपूर्ण शास्त्र उभारलें. रेनवॉटर, बोर व मॉटेलसन ह्या तिघांस १९७५ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें ह्याच कामगिरीबद्दल.

आतां नादाकडे वळूं. पूर्ण वाटोळी वस्तु स्वतःभोंवतीं फिरली तरी ती फिरली हें ओळखण्याची कांहींच खूण उरत नाहीं. कणांच्या जगांतील नियम ह्याहूनही कडक आहे: जेथें खूण नाहीं, तेथें फिरणेंच नाहीं. लांबट केंद्रक मात्र हवेंत उडालेल्या विटीसारखें आडवें गरगरा फिरूं शकतें. त्याला कोणत्याही वेगानें फिरण्याची मुभा नसते. ठराविक पायऱ्यांवरच फिरावें लागतें, आणि एका पायरीवरून खालीं उतरतांना तें एक गॅमा किरण सोडतें. गणित असें सांगतें कीं, ह्या पायऱ्यांच्या ऊर्जा २×३, ४×५, ६×७ ह्या गुणाकारांच्या प्रमाणांत, म्हणजे ६, २०, ४२ अशा चढत जाव्यात; साध्या प्रमाणांत सांगावयाचें तर १ : ३.३ : ७. युरेनियम-२३८ च्या पहिल्या तीन पायऱ्या प्रत्यक्ष मोजल्या तर त्या ४४.९, १४८.४ व ३०७.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या भरतात. (हें ह्या सूक्ष्म जगांतील ऊर्जेचें माप आहे.) विद्यार्थ्यांनीं स्वतः भागाकार करून पाहावा: १ : ३.३ : ६.८. शेवटचा आंकडा सातला किंचित् कमी पडतो, आणि तोही व्यर्थ नाहीं. वेग वाढतो तशी केंद्रकाची घडण किंचित् बदलते, आणि त्याच पायरीवर फिरण्यास ऊर्जा थोडी कमी लागते. तीन आंकड्यांवरून एका अदृश्य वस्तूची आकृति आणि तिची लवचीकता दोन्ही कळतात. ह्याहून स्वस्त दुर्बीण प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवांत नाहीं.

येथपर्यंत गोष्ट मोजलेल्या वस्तूंचा अर्थ लावण्याची झाली. खरी कसोटी पुढें आहे. जें कोणीं मोजलेलें नाहीं तें आधीं सांगावयाचें आणि मग निसर्गाला विचारावयाचें. ह्याची रीत समजण्यासाठीं सातारकरांनीं आपल्या डोंगरांचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. गणितज्ञ केंद्रकाला मनांतल्या मनांत निरनिराळ्या आकृति देतो: थोडें लांब, अधिक लांब, चपटें, एका बाजूस फुगीर. १९५५ सालीं स्वीडनचे नील्सन यांनीं अशा लांबट आकृतींत कणांच्या जागा कशा बदलतात याचीं कोष्टकें तयार केलीं होतीं. प्रत्येक आकृतीला किती ऊर्जा लागते तें काढून मांडलें कीं डोंगर-दऱ्यांचा एक नकाशाच तयार होतो. पाणी जसें खोलगट जागीं जमतें, तसें केंद्रक ज्या आकृतीची ऊर्जा सर्वांत कमी तेथें येऊन बसतें. पण कासचा तलाव साताऱ्याहून किती तरी उंचावर आहे, तरी त्याचें पाणी तेथें ठरलेलें असतें, कारण भोंवतीं उंचवटा व बांध आहे. तसा एखादा उंचावरचा तलाव केंद्रकाच्या नकाशांतही असूं शकेल काय?

स्ट्रुटिन्स्की या शास्त्रज्ञानें १९६७ सालीं थेंबाचें गणित व पंगतीचें गणित यांची सांगड घालण्याची एक कुशल रीत शोधून काढली, आणि त्या रीतीनें काढलेल्या नकाशांत असा तलाव स्पष्ट दिसला. जेथें केंद्रकाची लांबी रुंदीच्या सुमारें दुप्पट होते, तेथें ही दुसरी दरी आहे. युरेनियमच्या आसपासच्या जड केंद्रकांत तिचें चिन्ह १९६२ सालींच रशियांतील दुब्ना येथें सांपडलेलें होतें: अमेरिशियम-२४२ चा एक प्रकार अपेक्षेपेक्षां फारच लौकर दुभंगत होता, आणि त्याचें कारण कोणालाच उमगत नव्हतें. तें केंद्रक उंचावरच्या तलावांत अडकलेलें होतें. तेथून फुटीचा कडा जवळ होता.

ह्या ठिकाणीं आपल्या महाराष्ट्रांत झालेल्या एका कामाचा उल्लेख केलाच पाहिजे. मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत राममूर्ति, कपूर व कटारिया ह्या तिघांनीं १९७० सालीं असें दाखविलें कीं, केंद्रक जसजसें तापतें, म्हणजे त्यांतील ऊर्जा वाढते, तसतशी पंगतीची शिस्त मोडत जाते, आणि पुरेसें तापल्यावर तें पुन्हां निव्वळ थेंबासारखें वागूं लागतें. पंगतीमुळें पडलेल्या दऱ्या भरून येतात व पंगतीमुळें उभे राहिलेले उंचवटे सपाट होतात. म्हणजे हा नकाशा कायमचा नव्हे. ऋतु पाहून तो वाचावा लागतो. बड्या प्रयोगशाळांच्या मोठ्या यंत्रांच्या गोष्टी आपण नेहमीं ऐकतों. येथें विचारानें केवढा पल्ला गांठला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

दुसऱ्या दरीची निर्णायक कसोटी १९८६ सालीं इंग्लंडांतील डेअर्सबरी येथें लागली. पीटर ट्विन व त्यांचे सहकारी यांनीं डिस्प्रोशियम-१५२ हें केंद्रक अतिशय वेगानें फिरत्या स्थितींत निर्माण केलें आणि त्याचे गॅमा किरण मोजले. पडद्यावर १९ रेषा उमटल्या, फणीच्या दातांसारख्या, दोन दोन रेषांमध्यें सुमारें ४७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टांचें सारखें अंतर ठेवून. त्या अंतरावरून हिशेब केला तेव्हां लांबी रुंदीच्या दुप्पट निघाली. तें केंद्रक सेकंदांत एकावर वीस शून्यें इतके फेरे घेत होतें. गणितानें आधीं सांगावें, आणि निसर्गानें इतक्या स्वच्छ अक्षरांत ‘होय’ म्हणावें, असे प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत फार येत नाहींत.

वरील रीतींत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: आकृति गणितज्ञ ठरवितो आणि कण तिच्यांत बसवितो. वस्तुतः कणांना बाहेरून कोणी साचा पुरवीत नाहीं. ते आपला साचा आपणच घडवितात. डोंगरांतील पायवाट पाहा. लोक चालतात म्हणून वाट पडते, आणि वाट पडलेली असते म्हणून लोक तिच्यावरून चालतात. हें परस्परावलंबन गणितांत उतरविण्याची एक रीत मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील वाय. के. गंभीर यांनीं म्युनिकचे पीटर रिंग व थिमेट यांच्या सहकार्यानें विस्तारानें मांडली. त्यांचा निबंध १९९० सालीं प्रसिद्ध झाला. तींत आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम आरंभापासूनच धरलेले असतात. आधीं एक अंदाजी साचा घ्यावयाचा, त्यांतील कणांच्या गति काढावयाच्या, त्या कणांमुळें कोणता साचा तयार होतो तें पाहावयाचें, आणि जुना साचा व नवा साचा एकरूप होईपर्यंत हें चक्र फिरवावयाचें. शेवटीं जी आकृति उरते ती कोणीं लादलेली नसते. लांबट केंद्रकांनाही ही रीत लागू पडते, आणि जगांतील अनेक संशोधकांनीं तिचा उपयोग केला आहे.

केंद्रकांचा नाद ऐकण्याची सोयही मुंबईंत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १४ दशलक्ष व्होल्टांपर्यंत चढणारें पेलेट्रॉन नांवाचें यंत्र १९८८ सालापासून बसविलेलें असून तें ती संस्था व भाभा केंद्र मिळून चालवितात. त्यांतून निघालेलीं केंद्रकें एखाद्या धातूच्या पातळ पत्र्यावर आदळतात, आणि भोंवतीं लावलेले जर्मेनियमच्या स्फटिकांचे ‘कान’ गॅमा किरण टिपून घेतात.

विलक्षण आकृतींत आणखी कितीतरी प्रकार आहेत. शिशाच्या १८६ वजनाच्या अल्पायुषी केंद्रकाला तर तीन आकृति जवळजवळ सारख्याच ऊर्जेत उपलब्ध असल्याचें २००० सालीं जाहीर झालें: लाडू, साताऱ्याचा कंदी पेढा आणि विटी. कोणती घ्यावी हा त्याचा त्यालाच प्रश्न! पण तंबोऱ्याच्या भोपळ्याची आकृति अधिक महत्त्वाची आहे. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेंत रेडियम-२२४ हीं केंद्रकें प्रकाशाच्या वेगाच्या शेंकडा ८ इतक्या गतीनें सोडून २०१३ सालीं त्यांची परीक्षा झाली, आणि तीं खरोखरच एका अंगास फुगीर ठरलीं. त्यांच्या बरोबरच तपासलेलें रेडॉन-२२० मात्र तसें स्थिर आढळलें नाहीं. त्याची आकृति नुसती इकडून तिकडे हेलकावते.

हा निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हे. विश्वाच्या आरंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समप्रमाणांत उत्पन्न झालें असावें असें मानतात. मग तें एकमेकांना भिडून सारेंच नाहींसें न होतां, तारे, पृथ्वी आणि आपण उरलों कसे? निसर्गाच्या नियमांत कोठें तरी सूक्ष्म पक्षपात असला पाहिजे, आणि भोपळ्यासारख्या केंद्रकांत त्याची खूण इतर केंद्रकांच्या मानानें मोठी होऊन दिसावी असें गणित सांगतें. म्हणून अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत रेडियम-२२५ च्या अणूंवर ही मोजणी केली गेली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत अशी खूण आढळली नाहीं. मोजणी अधिक सूक्ष्म करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

गणित सांगेल तें घडेलच, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. लांबी रुंदीच्या तिप्पट असलेली फिरती केंद्रकेंही नकाशांत दिसली होतीं. त्यांच्यासाठीं पुष्कळ शोध झाला, पण डिस्प्रोशियमच्या फणीसारखी निःसंशय खूण सांपडलेली नाहीं. आणि सर्वांत मनोरंजक वाद तर आपल्या शरीरांतील कर्बाविषयींच आहे.

कोल्हापुरास जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखालीं शिकले, त्या फ्रेड हॉइल यांनीं १९५३ सालीं असें भाकीत केलें कीं, ताऱ्यांच्या पोटांत तीन हीलियम केंद्रकें मिळून कर्ब तयार व्हावयाचा असेल, तर कर्बाच्या केंद्रकाला एका विशिष्ट ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे. ती नसती तर जगांत कर्ब अत्यल्प राहिला असता, आणि हा लेख लिहिणारा व वाचणारा दोघेही नसते. कॅलिफोर्नियांत ती अवस्था ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांस लगेच सांपडली. पण तिची आकृति कोणती? १९५६ सालीं जपानचे मोरिनागा यांनीं सुचविलें कीं तीन हीलियम केंद्रकें माळेंतील मण्यांसारखीं एका रेषेंत असावीत. ही कल्पना मोहक होती, पण त्या स्वरूपांत ती टिकली नाहीं. २००१ सालीं जपानी व युरोपीय गणितज्ञांच्या एका गटानें तीं तीन केंद्रकें परस्परांपासून सुटीं, विरळ मेघासारखीं तरंगतात असें मांडलें. २०१२ सालीं दुसऱ्या एका गटानें प्रचंड गणनयंत्रांवर आंकडेमोड करून कर्बाची नेहमींची अवस्था आटोपशीर त्रिकोणाची व हॉइलची अवस्था कोपरांत वांकविलेल्या हातासारखी असल्याचें सांगितलें.

दोन्ही पक्षांचीं ऊर्जेचीं उत्तरें मोजलेल्या आंकड्याच्या जवळ येतात, आणि आकृति मात्र भिन्न! येथें नुसत्या ऊर्जेवर निकाल लावतां येत नाहीं. वेगवान् इलेक्ट्रॉन कर्बावर आदळवून ते कोणत्या कोनांत किती विखुरतात, आणि ही अवस्था मोडतांना तीन हीलियम केंद्रकें कोणत्या दिशांस व किती वेगानें सुटतात, हें मोजून दोन चित्रांतील फरक पारखला जात आहे.